सातव्या नळीतलं रक्त

"ताई, मला एक माणूस शोधून हवा आहे," डॉक्टर समृद्धी म्हणाली. "त्याचं नाव माहीत नाही, गाव माहीत नाही. फक्त रक्त माहीत आहे. आणि हातात आठच दिवस आहेत."

सुमनताई अहिरे यांनी चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला. जव्हारच्या कोर्टात तीस वर्षं लिपिकाचं काम केल्यावर त्यांनी घराच्या दारावर 'खासगी चौकशी' अशी पाटी लावली होती. लग्नाआधी स्थळाची माहिती काढायची, कामाला गेलेला आणि न परतलेला माणूस हुडकायचा, असली कामं त्यांच्याकडे येत. नुसतं रक्त घेऊन कुणी आलं नव्हतं.

"बसा, डॉक्टर. आणि हे?"

"हा कान्हा. दाभोशाचा. याच्या बायकोसाठीच आले आहे."

कान्हा बसला नाही. टोपी हातात घेऊन दाराशी उभा राहिला. त्याच्यामागून उत्तम आत आला. तो दाभोसा-जव्हार जीप चालवायचा आणि सुमनताईंच्या कामाला गाडी लागली की त्याचीच लागायची. त्या बदल्यात प्रत्येक प्रकरणात आपलं मत देण्याचा हक्क त्यानं स्वतःकडे घेतला होता.

"कान्हाची मालू ना? नववा लागला तिला," उत्तम म्हणाला. "मीच आणून सोडली दवाखान्यात."

"तीच," समृद्धी म्हणाली. "गर्भाशयात वार खाली सरकलेली आहे. पुढच्या मंगळवारी ऑपरेशन करावंच लागेल आणि रक्त जाणार. हाताशी एक तरी बाटली हवी. तिचा गट साधा, ओ पॉझिटिव्ह. पण रक्तपेढीतल्या अकरा बाटल्या लावून पाहिल्या, एकही जुळत नाही. शेवटी नमुना मुंबईला पाठवला. काल उत्तर आलं."

तिनं टेबलावरचा पाण्याचा पेला पुढे ओढला.

"तांबड्या पेशीला एक पातळ पडदा असतो. त्या पडद्यात लहान लहान दारं असतात. पाण्याचं वेगळं, साखरेचं वेगळं. तसंच एक दार युरियाचं."

"खताचा युरिया?" उत्तमनं विचारलं.

"तोच. आपल्या शरीरातही तो तयार होतो. सगळ्यांच्या पेशींना ते दार असतं. मालूच्या पेशींना ते नाही. एरवी त्याचा त्रास काहीच नाही. पण पहिल्या बाळंतपणात तिला रक्त दिलं होतं. तेव्हा तिच्या शरीरानं ते परकं दार पाहून ठेवलं. आता तसं दार असलेली पेशी आत आली की शरीर तिच्यावर तुटून पडतं."

"म्हणजे बिनदाराचंच रक्त हवं," सुमनताई म्हणाल्या.

"हो. आणि तसं रक्त लाखांत एखाद्याचं. बहुधा सख्ख्या भावंडात सापडतं."

"मालूला भावंडं?"

"नाहीत," कान्हा पहिल्यांदाच बोलला. "ती एकटीच. सासरा मागल्या साली मेला. सासू हाय, वावर गावाला."

"त्यांचं रक्त तपासलं," समृद्धी म्हणाली. "त्यांना दार आहे. का तपासतोय ते सांगितलं नाही. उगाच धास्ती घेतील."

सुमनताईंनी मान हलवली. "मग मी काय शोधायचं?"

"सातवा माणूस." समृद्धीनं श्वास घेतला. "तीन आठवड्यांपूर्वी, एका मंगळवारी, इथल्या कॉलेजात आमचं आरोग्य शिबिर होतं. तिथे सुशील सरांनी मुलांना प्रयोग दाखवला. अकरा जणांच्या बोटांचं रक्त अकरा नळ्यांत, युरियाच्या पाण्यात टाकलं. युरिया दारातून आत घुसतो, त्याच्यामागे पाणी घुसतं, पेशी फुगून फुटते. मिनिटभरात नळी लाल सरबतासारखी स्वच्छ दिसते. दहा नळ्या तशा झाल्या. सातवी अर्धा तास गढूळच राहिली."

"बिनदाराचं रक्त," सुमनताई हळूच म्हणाल्या.

"तेव्हा मला ते सुचलं नाही. सर म्हणाले, कुणीतरी युरियाऐवजी मीठ घातलंय. मीही मान डोलावली. काल मुंबईचं पत्र वाचलं आणि ती नळी डोळ्यांपुढे आली. आज सकाळी आमच्या शिबिराच्या यादीवरून त्या अकराही जणांना परत बोलावून रक्त घेतलं."

"आणि?"

"अकराही फुटल्या. सातव्याचीसुद्धा. तो तर सुई लागताच गव्हाच्या पोत्यासारखा कोसळला. पाणी मारून उठवावा लागला."

"म्हणजे सरांचंच खरं. मीठ होतं," उत्तम म्हणाला.

"असेलही," समृद्धी म्हणाली. तिचा आवाज थकलेला होता. "पण नसेल तर तो माणूस इथेच कुठेतरी हिंडतोय. शुक्रवारपर्यंत तो मिळाला तर रक्तपेढीत सगळ्या तपासण्या करून बाटली तयार ठेवता येईल."

कान्हानं टोपी दुसऱ्या हातात घेतली. "ताई, पोरगी पाच वर्षांची हाय घरी. रोज विचारते, आय कधी येल."

सुमनताई उठल्या. "त्या अकरा जणांना शिबिरात काय दिलं होतं, डॉक्टर?"

"स्टीलचा डबा. झाकणाचा. का?"

"विचारून ठेवलं."

•

ती दोघं गेल्यावर सुमनताईंनी पलंगाखालची पत्र्याची पेटी ओढली. "वावर म्हणाला ना तो?"

"हो. का?"

त्या जुन्या वह्या बाजूला करत होत्या. त्र्याण्णव साली, कोर्टात लागायच्या आधी, त्या पाहणीच्या कामाला वावरला गेल्या होत्या. घराघरांत पोरं मेली होती. किती, कुणाची, हे लिहून घ्यायला नेमलेल्या मुलींपैकी त्या एक. दिवसभर चालायचं, उंबऱ्याशी बसायचं, बाई बोलेल तसं कच्च्या वहीत उतरवायचं आणि मुक्कामाला आल्यावर त्याचे आकडे करून पक्क्या तक्त्यात भरायचे. पक्के तक्ते वर गेले. कच्ची वही त्यांच्याजवळ राहिली. ती टाकवली नाही.

"हे बघ. रखमी, वावर. 'दोन पोरी मेल्या, पोरगा गेला.' मालूच्या आईचं नाव काय?"

"रखमीच. मीच आणली होती काल रक्ताला." उत्तमनं वाकून पाहिलं. "म्हणजे तीन. आणि मालू त्यानंतरची. खरंच कुणी उरलं नाही मग."

"तीन," सुमनताई म्हणाल्या. "तक्त्यातही मी तीनच भरले होते." वही मात्र त्यांनी पेटीत परत ठेवली नाही. पिशवीत घातली.

•

प्रयोगशाळेत सुशील सर उभ्याउभ्याच बोलले. माणूस तरुण होता, इस्त्रीचा होता आणि दुखावलेला होता.

"बाहेरून पाहुणे आले होते, मॅडम. मी सांगत होतो की युरिया हा अमाइड कुळातला. या कुळातल्या काही पदार्थांना पेशीचा पडदा त्यातल्या त्यात सहज ओलांडता येतो. युरियाला दाराशिवाय फार वेळ लागतो, म्हणून पेशीनं त्याच्यासाठी खास वाट ठेवलीय. आणि नेमकी सातवी नळी गढूळ. सगळी पोरं हसली."

"पूड कुणी घातली?"

"रंजनानं. आमची मदतनीस. दोन महिन्यांपूर्वी लागली. अकरा पुड्या तिनं आदल्या दिवशी बांधल्या. पाणी मी घातलं, सर्वांसमोर. सातव्या पुडीत मीठ होतं, दुसरं कारणच नाही. मी तिला घरी बसवलंय."

"पाणी घातल्यावर सातवी नळी कुठे ठेवली?"

"ठेवली नाही. पाहुण्यांच्या हातात दिली, विरघळताना बघा म्हणून. त्यांनी घेतली आणि लगेच दुसऱ्या हातात धरली, मग रुमालात. थंडीचे दिवस, वयस्कर माणूस. त्यानंतर मी रक्ताचा थेंब सोडला."

"सोडल्यावर कुणी नळी बदलली असेल?"

"माझ्या नजरेसमोर होती."

सुमनताईंनी आभार मानले. रंजना दोन गल्ल्या पलीकडे राहत होती. ती अंगणात उडदाचे पापड वाळत घालत होती आणि तिनं हातातलं काम थांबवलं नाही.

"मीठ म्हणे. मिठाची बरणी प्रयोगशाळेत आहे तरी का? मी काय घरून मीठ नेलं, सरांची फजिती करायला? त्यांची फजिती व्हायला मी कशाला लागते."

उत्तम हसला. सुमनताई हसल्या नाहीत. "नावं तूच लिहून घेतलीस?"

"हो. वही माझ्याकडेच आहे. कुणी मागितली नाही. मीठ टाकणारीची वही कोण मागेल?"

वहीत अकरा ओळी होत्या. पुढे सही, नाहीतर अंगठा. सातवी ओळ, 'उमेश, वसतिगृहाचं स्वयंपाकघर'. पुढे शाईचा अंगठा, आणि अंगठ्याच्या ठशाच्या मधोमध आडवी पांढरी रेघ, कागद दुमडल्यासारखी.

"कागद दुमडला होता का?"

"नाही हो. तसाच उठला."

"त्या दिवशी कुणी घाबरलं? रडलं, पडलं?"

"कुणी नाही. हा सातवा तर उलट नर्सला म्हणाला, अजून एक बोट टोचा, अजून एक डबा द्या."

"या उमेशला तू ओळखतेस?"

"मी कशी ओळखणार? वसतिगृह टेकडीपलीकडे. मी कधी गेले नाही तिकडे."

परत जीपकडे येताना उत्तम म्हणाला, "सोपं आहे, ताई. मीठ नव्हतं तर साखर असेल."

"युरिया तू कधी हातानं कालवलास का रे?"

"दरवर्षी. भातावर मारायला बादलीत कालवतो. नको वाटतं, थंडीच्या दिवसांत तर हात..." तो थांबला. "का?"

"चल, वसतिगृहावर."

•

दोनशे मुलांचं जेवण उरकलं होतं. उमेश हा सहा फुटी, दणकट माणूस परातीवर वाकून पीठ मळत होता. ठाण्यात काही वर्षं हॉटेलात काम करून परतलेला.

"क्या बोलू, ताई. डॉक्टरनी सकाळी परत टोचलं. अपना बीपी डाउन झाला, बस. तेव्हाही दिलं होतं, आताही दिलं. फिटनेसचा कागद मिळाला, तो भिंतीवर लावलाय."

"तेव्हा चक्कर नाही आली?"

"तेव्हा पोट भरलेलं होतं."

बाहेर भाजीची पिकअप उभी होती. तिचा मालक पायरीवर बसून जेवत होता. पस्तिशीच्या आतला, काटक, हसरा. नवाकोरा स्टीलचा डबा त्यानं मांडीवर घेतला होता. जेवण संपवून तो कोबी मोजून आत टाकू लागला. दर मंगळवारी-शुक्रवारी तो खोडाळ्याकडून भाजी आणायचा.

"आज सोमवार," उत्तम म्हणाला.

"उद्या आमच्याकडं लगीन हाय, म्हणून आजच आलो, काका."

"नाव काय तुझं?"

"सुपडू."

"हे कसलं नाव?"

"सुपातून पडलो म्हणून सुपडू. माय असंच सांगायची." त्यानं एक गड्डा हवेत उडवून झेलला. त्याच्या उजव्या अंगठ्यावर विळ्याचा जुना वण होता, आडवा.

उमेश बाहेर आला आणि भाजी पोचल्याच्या चिठ्ठीवर त्यानं सही केली. मोठा उ, खाली दोन गिरक्या, टोकाला ठिपका. चिठ्ठी खिशात घालताना सुपडू म्हणाला, "काय सही हाय दोस्ताची. मी नुसती बघत बसतो."

सुमनताईंनी दोघांकडे एकदा पाहिलं आणि त्या जीपमध्ये जाऊन बसल्या.

"काहीच विचारलं नाही तुम्ही," उत्तम कुरकुरला.

"उद्या सकाळी वावरला जायचंय."

•

रखमी ओट्यावर नाचणी पाखडत होती. साठीच्या आतबाहेरची, पण हात भरभर चालत होते. सुमनताई तिच्या शेजारी खाली बसल्या. तीस-बत्तीस वर्षांपूर्वी त्या याच ओट्यावर बसल्या होत्या. तेव्हा समोरचा आंबा कमरेएवढा होता. आता त्याच्या सावलीत कोंबड्या हिंडत होत्या, आणि ओट्याच्या टोकाला शाळेचं दप्तर घेतलेली दोन पोरं जीपकडे टक लावून बघत होती. तेव्हा या ओट्यांवर इतकी शांतता असायची की पाखरांचा आवाजही नकोसा व्हायचा.

"मालू बरी हाय ना?" रखमीनं विचारलं.

"बरी आहे. तुम्ही गुरुवारी जव्हारला या. तिला तुम्ही जवळ हव्यात."

"येते. कान्हा कालच गेला, सांगून गेला असता तर त्याच्याबरूबरच आली असती. माझा धनी मेला तवापासून मीच आले-गेले करते. मागल्या महिन्यात म्हैस मेली, आता घरात थांबायलाही काय नाय."

भिंतीवर दोन खुंट्या होत्या. एकीवर काहीच नव्हतं.

"सुपाची जोडी नाही का?" सुमनताईंनी विचारलं. "आमच्याकडे दोन सुपं लागतात."

रखमीचा हात थांबला. "होती. एक दिलं."

"कधी?"

"लय दिवस झालं." ती पुन्हा पाखडू लागली, पण नाचणी सुपाबाहेर सांडत होती.

सुमनताईंनी पिशवीतली वही बाहेर काढली नाही. उतरताना त्या इतकंच म्हणाल्या, "उत्तम, मी एक चूक केली होती. खूप जुनी. बघू, अजून सुधारते का."

•

गुरुवारी दुपारी समृद्धीच्या खोलीत सगळे जमले. सुशील सर खिडकीशी, रंजना त्यांच्यापासून शक्य तितकी लांब. कान्हा आणि रखमी बाकावर. उमेश दाराजवळ. आणि सुपडू, ज्याला उत्तमनं "डॉक्टरांना दुधी हवाय" म्हणून आणलं होतं, दुधी मांडीवर घेऊन बसलेला. मालू पलीकडच्या खोलीत होती. मधलं दार अर्धं उघडं होतं.

"आधी मिठाचं बघू," सुमनताई म्हणाल्या. त्यांनी टेबलावर दोन पेले ठेवले. एकात मीठ घातलं, दुसऱ्यात युरिया, आणि दोन्हींत सारखं पाणी ओतून ढवळलं. "सर, एकेक हातात धरा."

सरांनी पहिला पेला धरला. दुसरा धरला आणि लगेच हात बदलला. मग ते तसेच थांबले.

"पाहुण्यांनी हेच केलं होतं," सुमनताई म्हणाल्या. "हात बदलला, मग रुमालात धरली. थंडीमुळे नाही. युरिया विरघळताना पाणी गार पडतं. मीठ घातलं तर एवढं पडत नाही. सातव्या नळीत युरियाच होता."

"बादलीत हात गारठतो," उत्तम म्हणाला. "मी तर दरवर्षी... मला का नाही सुचलं?"

"तुला सुचलं होतं. तू वाक्य अर्धं टाकलंस."

सुशील सरांनी पेला खाली ठेवला. ते रंजनाकडे वळले. "मला कळायला हवं होतं. मीच शिकवतो हे. उद्या या तुम्ही कामावर."

"सोमवारी येते," रंजना म्हणाली. "पापड वाळायचेत."

"पूड बरोबर, नळी बदलली नाही," सुमनताई पुढे म्हणाल्या. "मग वेगळं होतं ते रक्तच. पण उमेशचं रक्त तर सोमवारी फुटलं. म्हणून मी वही पाहिली. सातव्या ओळीत अंगठा आहे. उमेश गिरक्या घेऊन सही करतो. सुई पाहून जो सोमवारी आडवा झाला, तो शिबिरात अजून एक बोट टोचा म्हणाला असेल का?"

उमेशच्या कपाळावर घाम आला होता. "ताई, मला सुई नाय सहन होत. लहानपणापासून. कागद नसता मिळाला तर स्वयंपाकघरात ठेवत नव्हते. मी याला बोललो, माझ्या नावानं जा."

"आणि डबा तुझा, असं बोलला," सुपडू म्हणाला आणि मग सगळे आपल्याकडे बघतायत हे त्याच्या लक्षात आलं. "काय केलं मी? डबा परत देऊ?"

"अंगठा दाखव," सुमनताई म्हणाल्या.

त्यानं दाखवला. विळ्याचा वण आडवा होता. वहीतली पांढरी रेघ तिथेच होती.

समृद्धी कधीच उठली होती. तिनं त्याच्या बोटाला सुई लावली, युरियाच्या पाण्याच्या नळीत थेंब सोडला आणि घड्याळ समोर ठेवलं. शेजारच्या नळीत तिचं स्वतःचं रक्त होतं. मिनिट भरायच्या आत तिची नळी सरबतासारखी झाली. सुपडूची नळी गढूळच राहिली. दोन मिनिटं झाली, पाच झाली. कान्हा उभा राहिला होता, पण का ते त्याला सांगता येत नव्हतं.

"हाच," समृद्धी म्हणाली. "गट बघते लगेच." काचेवर तीन थेंब पडले. "ओ पॉझिटिव्ह."

"लाखांत एखादं म्हणालात ना, डॉक्टर," सुमनताई म्हणाल्या. "एका तालुक्यात, एका महिन्यात तसं रक्त दोन माणसांत. मला तेव्हाच वाटलं की हे नातं असणार. पण मालूला भावंड नाही, असं सगळे सांगत होते. आणि सगळ्यात आधी तसं मीच लिहिलं होतं."

त्यांनी कच्ची वही उघडली.

"'दोन पोरी मेल्या, पोरगा गेला.' मी शाळेत शिकलेली, शहरातली. आमच्याकडे माणूस मेला असं तोंडावर म्हणत नाहीत, गेला म्हणतात. मी तक्त्यात तीन मृत भरले. पण परवा रखमीबाई काय म्हणाल्या, उत्तम?"

उत्तमनं डोकं खाजवलं. "धनी मेला. म्हैस मेली. आणि... कान्हा गेला."

"कान्हा जव्हारला गेला. त्यांच्या बोलण्यात मेला तो मेला आणि गेला तो गेला. पोरींना मेल्या म्हटलं आणि पोराला गेला. एकाच वाक्यात दोन शब्द. मी ते कानांनी ऐकलं, हातानं लिहिलं आणि डोक्यानं पुसून टाकलं."

त्यांनी वही मिटून टेबलावर ठेवली.

"घरात लागोपाठ लेकरं मेली की उरलेल्याला मरणाच्या नजरेआड करायचं. सुपात घालून उंबऱ्याबाहेर ठेवायचं, दुसऱ्या बाईनं सुपासकट उचलायचं. मग तो आपला नाही. अशा पोराचं नाव पुष्कळदा सुपावरूनच ठेवतात. रखमीबाईंच्या भिंतीवर एका सुपाची खुंटी रिकामी आहे."

सुपडूनं दुधी बाजूला ठेवला. "माय सांगायची, वावरच्या वाटेवर कामाला चालली होती तवा मिळालो. मला वाटायचं, गंमत करते. तीन वर्षं झाली तिला मरून."

रखमी जमिनीकडे पाहत होती.

"शपथ घेतली होती ना?" सुमनताईंनी विचारलं. "त्याला आपला म्हणायचं नाही."

तिनं मान हलवली. मग म्हणाली, "म्हटला तर मरण ऐकल, असं सासू बोलली. म्हणून कुणाला सांगितलं नाय. मालूलाही नाय. कोणी इचारलंही नाय. लिहून घेणाऱ्या ताईनं इचारलं, तिला खरं सांगितलं. तिनं काय लिहिलं ते मला वाचता येत नाय."

सुमनताईंनी नजर खाली वळवली. "चुकीचं लिहिलं, रखमीबाई. ती ताई मीच."

रखमीनं त्यांच्याकडे नीट निरखून पाहिलं. "तवा तुमची वेणी लांब होती," ती म्हणाली.

समृद्धी हळूच पुढे आली. "मालूला याचंच रक्त लागणार आहे, आजी. दुसऱ्या कुणाचं चालत नाही. जे मरण तेव्हा तुमच्या दारात होतं, ते कधीच गेलं. हा तेहतीस वर्षांचा झालाय. आता बोललात तरी चालेल."

रखमी उठली. सुपडूसमोर जाऊन उभी राहिली. त्याला हात लावला नाही. त्याचा चेहरा, खांदे, अंगठ्यावरचा वण, सगळं एकेक करून पाहिलं. शपथ मोडायला शब्द लागतो आणि तो तिला सापडत नव्हता.

"जेवलास का?" तिनं विचारलं.

सुपडूचा हसरा चेहरा गोंधळला. "नाय अजून."

"बरं," रखमी म्हणाली आणि पदराच्या टोकाला बांधलेली नाचणीची भाकरी सोडू लागली.

अर्ध्या दारापलीकडून मालूचा आवाज आला. "आये, कोण हाय गं?"

रखमीनं भाकरीचा मोठा तुकडा मोडला. "तुझा भाऊ," ती म्हणाली, आणि एवढं बोलून थांबली, जणू काही घडतंय का ते ऐकत होती. काही घडलं नाही. बाहेर एसटी वळत होती.

•

मंगळवारी सकाळी मालूचं ऑपरेशन झालं. रक्त बरंच गेलं. बाटली लावली, आणि या वेळी शरीर तिच्यावर तुटून पडलं नाही. मुलगी झाली, अडीच किलोची, रडणारी.

दुपारी उत्तम बातमी घेऊन आला तेव्हा सुमनताई ओसरीत बसल्या होत्या.

"सुपडू सगळ्यांना सांगत सुटलाय की त्याच्या पेशींना दार नाही," उत्तम म्हणाला. "उमेश म्हणाला, म्हणूनच तुझ्या डोक्यात काही शिरत नाही. कान्हाची मोठी पोरगी मामाच्या पिकअपमधून उतरायलाच तयार नाही. आणि रखमीबाईनं बाळाला ठेवायला काय मागितलं माहीत आहे? सूप. पाचवीला लागतं म्हणे. सुपडू खोडाळ्याहून जुनं आणतोय, त्याच्या मायनं जपून ठेवलेलं."

"रिकाम्या खुंटीचं," सुमनताई म्हणाल्या.

"ताई, पण एक सांगा. दार नाही त्याचंच रक्त तिच्या आत गेलं. हे कसं?"

"परकं काहीच नव्हतं ना त्यात. कुणी अडवलं नाही."

उत्तमनं यावर विचार केला आणि पटल्यासारखं केलं.

तो चहा टाकायला आत गेला. सुमनताईंनी कच्ची वही मांडीवर घेतली. पानं पिवळी झाली होती, शाई तपकिरी. वावर. रखमी. दोन पोरी मेल्या, पोरगा गेला. त्या ओळीवर त्यांनी बराच वेळ बोट ठेवलं. खाडाखोड केली नाही. शब्द तिचे होते आणि खरे होते.

त्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि ओळीच्या शेवटी, आजच्या तारखेसह, एकच शब्द लिहिला.

आला.